पंखाच्या टोकाशी कोण उभे आहे?

विमान अपघात म्हटला की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे आकाश उभे राहते. वादळ, डोंगराचे शिखर, बंद पडलेले इंजिन अशी अपघाताची कारणे त्याच्या मनात ठसलेली असतात. परंतु विमानांना होणाऱ्या इजांपैकी बऱ्याच इजा आकाशात होत नाहीत. विमान जमिनीवर माणसाच्या चालीने सरकत असताना, आपल्या ठरलेल्या जागी लागत असताना किंवा नुसते उभे असताना त्या होतात. एका विमानाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीला घासतो, सामान ओढणारा ट्रॅक्टर विमानाच्या पोटाशी आदळतो, मागे ढकलले जाणारे विमान दिव्याच्या खांबावर जाऊन टेकते. अशा घटनांत बहुधा कोणी दगावत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्यांना चार ओळी मिळतात आणि तिसऱ्या दिवशी त्या विसरल्या जातात. या विस्मरणाची किंमत किती आणि ती कोण मोजतो, याचा विचार अहिल्यानगर जिल्ह्याने आता करावयास हवा.

आता म्हणण्याचे कारण असे, की जिल्ह्याचा विमानतळ वाढीच्या उंबरठ्यावर आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने बांधलेल्या या तळाची धावपट्टी अडीच किलोमीटर लांबीची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ६४५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या नव्या प्रवासी इमारतीची पायाभरणी पंतप्रधानांनी केली, आणि २०२५ मध्ये तेथे रात्रीच्या उड्डाणांनाही प्रारंभ झाला. साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांचा ओघ पाहता ही वाढ अपेक्षितच होती. तथापि विमानतळाची वाढ म्हणताच लोकांचे लक्ष इमारतीच्या काचांकडे आणि धावपट्टीच्या लांबीकडे जाते. २९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे विमान शिर्डीच्या धावपट्टीच्या पुढे गेले, तेव्हाही चर्चा झाली ती धावपट्टीचीच. इमारत आणि धावपट्टी यांच्यामध्ये जे फरसबंद अंगण असते, ज्याला विमानतळाच्या भाषेत एप्रन म्हणतात, त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. विमाने उभी राहतात ती याच अंगणात, आणि ही टक्करीची प्रकरणे घडतात तीही बहुतेक तेथेच किंवा तेथून बाहेर पडण्याच्या वाटेवर.

उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. १६ मे २०२४ रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे सरकत असतानाच सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळले. विमानात सुमारे १८० प्रवासी होते. त्यांना सुखरूप उतरवून घ्यावे लागले. १४ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विमानतळावर बंगळूरहून आलेल्या आकासा कंपनीच्या उभ्या विमानाला मालाची ने-आण करणाऱ्या एका ट्रकने धडक दिली. त्याच्या तीन महिने आधी, १८ एप्रिल २०२५ रोजी, बंगळूर येथे इंडिगोच्या उभ्या असलेल्या विमानाखाली एक टेम्पो ट्रॅव्हलर जाऊन अडकला. दिल्लीत २८ मार्च २०२२ रोजी स्पाइसजेटचे विमान मागे ढकलले जात असताना त्याचा पंख खांबावर आपटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक मोटारगाडी इंडिगोच्या विमानाच्या नाकाखाली शिरली. आणि २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात इंडिगोच्या विमानाच्या पंखाचे टोक धावपट्टीवर जाण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या पंखाला लागले. दोन्ही विमाने प्रवाशांनी भरलेली होती. तारखेचा योगायोग असा, की ४७ वर्षांपूर्वी, २७ मार्च १९७७ रोजीच, टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली होती. विमान वाहतुकीच्या इतिहासातील ती सर्वात भीषण टक्कर जमिनीवरच झाली, हे विसरता येत नाही.

ही केवळ आपल्याकडील अव्यवस्था आहे, असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेत अटलांटा येथे १० सप्टेंबर २०२४ रोजी एका मोठ्या विमानाच्या पंखाने लहान विमानाची शेपटीच उखडून टाकली. सिॲटल येथे ५ फेब्रुवारी २०२५ रोजी जपान एअरलाइन्सच्या विमानाचा पंख डेल्टाच्या विमानाच्या शेपटीत घुसला. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर १ ऑक्टोबर २०२५ रोजी एकाच कंपनीची दोन विमाने एकमेकांवर आदळली. त्यांतील एक उड्डाण संपवून आपल्या दाराकडे चालले होते. जेथे साधनांची वाण नाही अशा देशांतही हे घडते, याचा अर्थ दोष साधनांच्या अभावापेक्षा खोल आहे.

तो दोष समजण्यासाठी विमानाची रचना ध्यानात घ्यावी लागते. शिर्डीला येणाऱ्या विमानांसारख्या बोइंग ७३७-८०० किंवा एअरबस ए-३२० विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३६ मीटर, म्हणजे जवळजवळ १२० फूट असतो. वैमानिक बसतो तो अगदी नाकाशी. पंखांची टोके त्याच्या पाठीमागे, दोन्ही बाजूंना प्रत्येकी अठरा मीटरवर. मोठ्या विमानांत तर आपल्याच पंखाचे टोक वैमानिकाला खुर्चीतून दिसत नाही. अशा विमानांवर टक्कर टाळणारी साधने, उदाहरणार्थ बाहेरचे कॅमेरे, बसवावीत अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्येच केली होती. शिवाय पंख मागे झुकलेले असल्यामुळे विमान वळताना त्यांचे टोक अपेक्षेपेक्षा बाहेरून फिरते; वळणावर एस.टी.चा मागचा भाग जसा बाहेर फेकला जातो, तसाच हा प्रकार. या आकाराच्या विमानाला उभे राहण्याच्या जागेवर शेजारच्या विमानापासून किंवा इमारतीपासून किमान साडेचार मीटर अंतर असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. साडेचार मीटर म्हणजे एका मोटारगाडीची लांबी. कित्येक कोटींचे यंत्र, आत दीडशे-पावणेदोनशे माणसे आणि न दिसणाऱ्या टोकाभोवती एवढीच मोकळीक!

म्हणून विमान लावण्याच्या वेळी वैमानिकाला दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. हातात प्रकाशकांड्या घेऊन समोर उभा राहणारा मार्शलर, पंखांच्या टोकांशी चालणारे त्याचे सहकारी आणि मोठ्या विमानतळांवर भिंतीवर बसवलेले दिशादर्शक यंत्र हे ते डोळे. धावपट्टीवर व तिच्याकडे जाणाऱ्या मार्गावर टक्कर टाळण्याची जबाबदारी नियंत्रण मनोऱ्यावर असते; पण आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे एप्रन या क्षेत्रात मोडत नाही. तेथे आल्यावर जबाबदारीची वाटणी होते. विमान कंपनीचा वैमानिक, विमानतळ चालवणारी संस्था, सामान हाताळणारा कंत्राटदार, इंधन भरणारी कंपनी, जेवण पोहोचवणारी कंपनी, आणि या प्रत्येकाची वेगवेगळी वाहने. ज्या अंगणात पाच मालकांची माणसे एकाच वेळी वावरतात, त्या अंगणाचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर कागदावर असते. प्रत्यक्षात ते शोधावे लागते ते टक्कर झाल्यानंतर.

येथेच हा प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. उभे असलेले विमान कंपनीला काहीही मिळवून देत नाही. ते उडते तेव्हाच कमावते. त्यामुळे उतरलेले विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा निघावे, यावर स्वस्त दराच्या विमान कंपन्यांचा सारा हिशेब बेतलेला असतो. त्या अर्ध्या तासात प्रवासी उतरायचे, सफाई व्हायची, सामान काढायचे व भरायचे, इंधन घ्यायचे आणि नवे प्रवासी चढवायचे. वाचलेल्या प्रत्येक मिनिटाचा लाभ कंपनीच्या ताळेबंदात जमा होतो. त्या मिनिटासाठी पंखाच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला धावतपळत दुसऱ्या विमानाकडे जावे लागले, तर त्यातून वाढणारा धोका मात्र कोणाच्याही खात्यावर टाकला जात नाही. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी स्थिती असली की भार वाढतच जातो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

भार किती मोठा आहे याचा अंदाज विमान कंपन्यांच्याच संघटनेने दिला आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, २०२२ मधील अभ्यासाप्रमाणे जमिनीवरील इजांचा वार्षिक खर्च, प्रतिबंधक उपाय न योजल्यास, २०३५ पर्यंत दुप्पट होऊन सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत जाईल. यांतील बहुतेक इजा विमान थांबल्यानंतर, त्याच्याभोवती फिरणाऱ्या यांत्रिक वाहनांमुळे होतात, असेही त्या अभ्यासात म्हटले आहे. सामान चढवणारे पट्टे, मालाचे लिफ्ट, प्रवाशांचे जिने आणि पूल यांच्यामुळे होणाऱ्या घटनाच एकूण घटनांच्या ४० टक्के आहेत. विमा कंपनी भरपाई देईल, असे म्हणून हा खर्च झटकता येत नाही. विम्याचा हप्ता अखेर तिकिटातच मिळवला जातो, आणि रद्द झालेल्या उड्डाणामुळे परीक्षा, मुलाखत किंवा नातलगाचे अंत्यदर्शन चुकलेल्या प्रवाशाला विमा कंपनी काहीच देत नाही.

एवढा खर्च होत असूनही त्याची नोंद लोकांपुढे का येत नाही? याचे एक कारण व्याख्येत दडलेले आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघाताची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून पंखांची टोके, टायर, चाकांची झाकणे आणि बाह्य पत्र्यावरील लहान पोचे एवढ्यापुरती मर्यादित इजा वगळण्यात आली आहे. शिवाय उड्डाणाच्या हेतूने कोणी विमानात चढलेले नसेल, तर त्या वेळी झालेली इजा त्या व्याख्येत बसतच नाही. अशी घटना गंभीर समजून तिची चौकशी होऊ शकते, होतेही. परंतु ‘अपघात’ या शब्दाचे वजन तिला लाभत नाही. जी घटना अपघाताच्या वहीत चढत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाते.

दुसरे कारण याहून गंभीर आहे, आणि ते म्हणजे भीती. २६ डिसेंबर २००५ रोजी सिॲटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानात सुमारे २६ हजार फुटांवर असताना एकाएकी हवेचा दाब नाहीसा झाला. वैमानिकांनी विमान सुखरूप परत उतरवले. तपासणीत विमानाच्या अंगाला सुमारे एक फूट लांबीचे भोक पडलेले आढळले. तळावरील एका कामगाराच्या हातून निघण्यापूर्वी विमानाला वाहन घासले होते आणि त्याने ते तत्काळ सांगितले नव्हते, हे नंतर उघड झाले. पत्र्यावरची एक घडी जमिनीवर निरुपद्रवी दिसली. आकाशात तिचे भोक झाले. आजच्या नव्या विमानांत हा धोका निराळ्या रूपात उभा राहतो. बोइंग ७८७ सारख्या विमानाच्या वजनाचा निम्मा भाग तंतुमिश्रित पदार्थांचा असतो, आणि अशा पदार्थाला धक्का बसल्यास वरून खूण न दिसताही आतले थर सुटू शकतात. तेव्हा धक्का लागल्याचे सांगणारा माणूस हाच सुरक्षिततेचा पहिला आणि कित्येकदा एकमेव साक्षीदार ठरतो. परंतु ज्याची नोकरी कंत्राटाची आहे, ज्याला उद्या कामावर येऊ नको असे तोंडी सांगता येते, त्याने स्वतःहून साक्ष द्यावी ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

जमिनीवर काम करणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न येथे आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलले जाण्याच्या वेळी एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. इशारा समजून घेण्यात झालेल्या चुकीतून हे घडले, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. विमानाला दिशा दाखवणाऱ्यांच्या कामात चुकीला किती थोडी जागा असते, हे या एका घटनेवरून ध्यानी यावे. आणि ही माणसे कोणाची, याची जाणीव समाजाला किती कमी असते, हे मे २०२५ मध्ये दिसून आले. मुंबई-दिल्लीसह नऊ विमानतळांवर काम करणाऱ्या एका तुर्की मूळच्या भूसेवा कंपनीची सुरक्षा परवानगी सरकारने रद्द केली, तेव्हा कोठे अनेकांना प्रथमच कळले की तिकिटावर ज्या कंपनीचे नाव असते तिची माणसे विमानाला हात लावणारी असतातच असे नाही.

नगर जिल्ह्याला या विषयात एक शहाणपण वारशाने मिळालेले आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस निघाली ती नगरहून पुण्याला. त्या दिवसापासून एस.टी.ची घडी दोन माणसांवर बसली, एक चालक आणि एक वाहक. बस स्थानकात मागे घेताना वाहक खाली उतरतो, शिट्टी वाजवतो, मागे कोणी मूल धावत नाही ना हे पाहतो, आणि त्याची शिट्टी थांबली की चालकाचा पाय ब्रेकवर जातो. यात वाहकाचा अधिकार चालकापेक्षा मोठा ठरतो, कारण दिसते ते त्याला. माळीवाड्याच्या किंवा तारकपूरच्या स्थानकावर ज्यांनी हे रोज पाहिले आहे, त्यांना मार्शलरचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. पुढे विनावाहक गाड्या आल्या आणि खर्च वाचला. परंतु बस मागे घेताना शिट्टी कोणी वाजवायची, हा प्रश्न त्या बचतीबरोबर संपला नाही. तो चालकाच्या एकट्याच्या माथी आला. विमानतळावर पंखाशी चालणाऱ्या माणसांची संख्या जेव्हा कमी केली जाते, तेव्हा नेमके हेच घडते.

यावर आक्षेप घेतला जाईल की आता यंत्रे आली आहेत. दिशादर्शक फलक, कॅमेरे, वाहनांवरील संवेदक यांच्यामुळे माणसांची गरज उरणार नाही. यंत्रांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र भिंतीवरचे यंत्र विमानाला त्याच्या रेषेवर आणते. त्या रेषेच्या बाजूला कोणी जिना विसरून उभा केला आहे की नाही, हे पाहण्याची हमी प्रत्येक यंत्र देत नाही. दुसरा आक्षेप असा, की शिर्डीसारख्या लहान तळावर एका वेळी मोजकीच विमाने असतात, तेथे ही चिंता अकाली आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. मुंबईत अंगण वाढवायला जमीन उरलेली नाही. तेथे चुका सुधारायच्या त्या अपुऱ्या जागेतच. काकडीत अजून आखणी करता येते. शिवाय रात्रीची उड्डाणे सुरू झाल्यावर लहान तळावरील अंधारही मोठ्या तळाइतकाच गडद असतो.

म्हणून नव्या इमारतीबरोबरच काही गोष्टी ठरल्या पाहिजेत. पहिली ही, की विमाने उभी करण्याच्या जागा आखताना दंडकातील किमान अंतर हेच कमाल समजले जाऊ नये. दुसरी, विमान लागताना आणि मागे ढकलले जाताना दोन्ही पंखांशी एकेक प्रशिक्षित माणूस असल्याखेरीज विमान हलू नये, आणि त्यातील कोणीही ‘थांबा’ अशी खूण केल्यास वेळेचे कारण पुढे करून ती डावलता येऊ नये. तिसरी, भूसेवेचे कंत्राट देताना केवळ सर्वात कमी दराची निविदा हा निकष नसावा. प्रशिक्षणाचे तास, कामाच्या पाळीची लांबी आणि कामगारांचे सेवेतील सातत्य यांना गुण असावेत. चौथी, लागलेल्या प्रत्येक धक्क्याची नोंद एका वहीत व्हावी आणि तिचा गोषवारा दरवर्षी लोकांपुढे यावा. स्वतःहून धक्का कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि लपवणाऱ्यावर ती निश्चित होईल, एवढे जरी पाळले गेले तरी निम्मे काम होईल.

या सूचनांना खर्च येईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तो खर्च कोणाच्या घरी जाईल याचाही विचार करावा. काकडी व परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनींवर हा विमानतळ उभा आहे. त्यांच्या मुलांच्या वाट्याला ट्रॉल्या ढकलण्याचे आणि झाडू मारण्याचे काम यावे, की विमानाला जागेवर आणणारे कौशल्याचे, मानाचे आणि टिकाऊ काम यावे, हे आजच्या निर्णयांवर अवलंबून आहे. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी मनावर घेतले तर या कामाचे शिक्षण येथेच देता येईल. सुरक्षिततेवर खर्च होणारा पैसा आणि रोजगारावर खर्च होणारा पैसा हे दोन वेगळे पैसे आहेत, ही समजूत निदान या बाबतीत तरी चुकीची आहे.

विमानतळाचे मोठेपण त्याच्या छताच्या उंचीवरून ठरवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पुढारी येतील, फीत कापली जाईल, छायाचित्रे निघतील. त्या दिवशी काचेपलीकडच्या अंगणात एक विमान हळूहळू आपल्या जागी येत असेल. त्याच्या पंखाच्या टोकाशी कोणी उभे आहे का, त्याला पुरेशी झोप मिळाली आहे का, आणि त्याने हात वर केला तर विमान थांबेल का, हे तीन प्रश्न त्या समारंभात एखाद्याने विचारावेत. त्यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ६४५ कोटी रुपये सत्कारणी लागले असे जिल्ह्याला खुशाल म्हणता येईल.